नाकात नळी असलेल्या माणसाची भूक आणि तहान

फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. अकराव्या दिवशी त्यांना कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरी आणलं, तेव्हा नाकात नळी होती. घरी सोडताना सिस्टरांनी दोनदा करून दाखवलं होतं: सिरिंज अशी लावायची, अशी धरायची, पातळ काहीही चालतं, दर तीन तासांनी २०० मिली. आम्ही घड्याळ लावून तीन आठवडे एकही फीड चुकवलं नाही. चौथ्या आठवड्यात आबा दिवसभर झोपून राहायला लागले. हाक मारली की डोळे किलकिले करायचे आणि पुन्हा मिटायचे. दुसरा झटका आला असं समजून आम्ही धावलो. रक्त तपासलं तर सोडियम खूप खाली गेलेलं, आणि वजन पाच किलोनं उतरलेलं. आम्ही त्यांना उपाशी ठेवलं होतं. वेळेवर, मायेनं, रोज सहा वेळा.

आमच्यासारखी चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. पक्षाघात, डोक्याला मार, तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर, अशा कितीतरी कारणांनी नळी घेऊन माणूस घरी येतो, आणि त्या दिवसापासून घरातली बाईच त्याची नर्स होते. नळी कशी धरायची हे तिला दाखवलेलं असतं. नळीतून काय आणि किती गेलं पाहिजे, हे बहुतेक वेळा घाईत राहून जातं.

धडधाकट माणसाला पाणी कमी पडलं की मेंदू घशाला कोरड पाडतो, माणूस उठतो आणि माठाकडे जातो. भुकेचंही तसंच. झटका आलेल्या माणसाला ही जाणीव नीट होत नाही, किंवा झाली तरी सांगता येत नाही. म्हणजे त्याची भूक आणि तहान आता त्याच्या अंगात राहिलेली नाही, ती तुमच्या वहीत आली. वहीत नोंद नसेल तर ती कुठेच नाही. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या दिवशी मला शंभर पानी वही आणायला लावली. तेव्हा ते मला शाळेसारखं वाटलं होतं.

आता आम्ही काय देत होतो ते सांगते. दोनदा डाळीचं पाणी, दोनदा भाताची पेज गाळून, एकदा गाईचं दूध, एकदा शहाळं. सासूबाई म्हणायच्या, "आगं, डाळीच्या पाण्यात लई ताकद असती." मलाही तसंच वाटायचं, लहानपणी तापात आईनं तेच पाजलेलं. पण डाळ शिजवून वरचं पाणी काढलं की प्रथिनं खाली डाळीत राहतात. वर येतो तो रंग, चव आणि थोडासा पिठूळपणा. पेज फडक्यातून गाळली की भात फडक्यात आणि पाणी वाटीत. बाईंनी आमची वही वाचून बेरीज केली: दिवसाला जेमतेम ५०० कॅलरी.

लागतात किती? अंथरुणावरच्या मोठ्या माणसाला साधारण वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं. पाठीला बेडसोर झाला असेल तर प्रथिनं त्याहून जास्त, कारण जखम त्यातूनच भरते. आबा तेव्हा ५५ किलोंचे. म्हणजे सुमारे १४०० ते १६५० कॅलरी आणि ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं. आम्ही एक तृतीयांशावर होतो.

इथं कोल्हापूरकरांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ताकदीच्या कल्पना पक्क्या आहेत. आमच्या गल्लीतले एक तालमीतले काका रोज यायचे. पहिल्यांदा म्हणाले धारोष्ण दूध द्या, मग म्हणाले दुधात कच्ची अंडी फेटून द्या, पैलवान त्यावरच उभे राहतात. त्यांचा जीव होता आबांवर. पण न तापवलेलं दूध आणि कच्चं अंडं या दोन्हीतून जंतू जातात, आणि आजारी माणसाला साधा जुलाबसुद्धा महागात पडतो. दूध उकळूनच, अंडं पूर्ण उकडूनच. माझ्या दिरानं पांढरा रस्सा गाळून द्यायचा आग्रह धरला. रश्शाचं तेच, जे डाळीच्या पाण्याचं: मटण खाली राहिलं, वर आलं पाणी, मीठ आणि चरबी. द्यायचंच असेल तर मटणाचे मऊ शिजलेले तुकडे त्यात वाटून, नीट गाळून.

शेवटी जे बसलं ते असं. सकाळी, दुपारी आणि रात्री म्हशीचं उकळलेलं दूध २०० मिली, त्यात २० ग्रॅम नाचणीचं पीठ शिजवून आणि दोन चमचे साखर. मधल्या दोन वेळेला खिचडी: २५ ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ, चमचाभर तेल, मीठ, हळद, सगळं कुकरला गीर्र शिजवून, एक उकडलेलं अंडं घालून मिक्सरला अगदी बारीक. सहावं फीड ताकाचं किंवा फळाच्या रसाचं. यात १६०० च्या आसपास कॅलरी आणि ५५ ग्रॅमच्या वर प्रथिनं भरतात. अंडं न खाणाऱ्या घरात पनीर किंवा जास्तीची डाळ. हा आबांचा हिशेब आहे, तुमच्या माणसाचा नव्हे. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल तर हे सगळे आकडे बदलतात, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मेडिकलमध्ये मिळणारी तयार पावडर चांगली असते, मोजायला सोपी आणि नळीत न अडकणारी, पण महिनोन् महिने सगळ्यांना परवडत नाही. आम्ही रात्रीच्या एका फीडला ती वापरत होतो.

खिचडी नळीतून जाईल इतकी पातळ करायची तर पाणी घालावं लागतं, आणि पाणी घातलं की तेवढ्याच मापात अन्न कमी बसतं. यावर नाचणीचा एक उपाय आहे, माझ्या फार उपयोगी पडला. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून ठेवायची. मोड येताना धान्यात असं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं जे पिठूळ भाग तोडतं. गरम, पण उकळी ओसरलेल्या घट्ट पेजेत हे पीठ चमचाभर टाकून ढवळलं की काही मिनिटांत पेज पाण्यासारखी सैल होते, जास्तीचं पाणी न घालता. मग पुन्हा एक उकळी द्यायची. बाळाची पेज अशीच करतात, म्हणून सासूबाईंना ते लगेच पटलं.

ज्याचं वजन आजारात खूप उतरलंय किंवा आठवडाभर पोटात काहीच गेलेलं नाही, त्याला मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण मापानं देऊ नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्यानं खाली जातं आणि हृदयावर येतं. डॉक्टर रक्त तपासत तपासत हळूहळू वाढवतात. कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांनी हे जरूर विचारावं.

आता पाणी. घरोघरी सगळ्यात मोठी चूक इथंच होते, असं माझं मत आहे. ढोबळ हिशेब दर किलोला ३० मिलीचा, म्हणजे आबांना दिवसाला सुमारे १६५० मिली. सहा फीड प्रत्येकी २५० मिलीची, म्हणजे दीड लिटर गेलं, असं वाटतं. पण घट्ट फीडमध्ये पाऊण ते चार पंचमांशच पाणी असतं. म्हणजे प्रत्यक्षात गेलं १२०० च्या आत. उरलेलं कुठून येणार? फीडच्या आधी ३० मिली आणि नंतर ३० मिली साधं पाणी सोडायचं असतं, नळी धुवायला. सहा वेळचं मिळून ३६० होतं. औषधांबरोबरचं ९०-१०० धरलं की हिशेब जुळतो. म्हणून ते नळी धुण्याचं पाणी कंटाळून टाळू नका, तेच त्यांचं पिण्याचं पाणी आहे. एप्रिल-मेमध्ये, ताप असताना किंवा जुलाब होत असताना मधेमधे शंभर-शंभर मिली जास्तीचं लागतं. जुलाबात ओआरएस द्यायचं, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवून. उलट, हृदय कमजोर असेल तर डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातलेली असते, तिथं हा हिशेब लावू नका.

पाणी पुरतंय का हे लघवी सांगते. फिकट पिवळी, दिवसाला लिटर-सव्वा लिटर असेल तर ठीक. चहासारखी गडद झाली, पिशवीत दिवसभरात अर्धा लिटरही जमेना, जीभ सुकली, माणूस गुंगीत गेला, तर कमी पडतंय. बद्धकोष्ठतेचंही बऱ्याचदा हेच कारण असतं. त्यावर इसबगोल मात्र नळीतून कधीच देऊ नका. ते पाण्यात फुगून नळीतच बसतं.

आणि मीठ. आजारी माणसाला मीठ कशाला, असं म्हणत आम्ही ते जवळपास बंदच केलं होतं. दुधात घालत नव्हतो, पेजेत नव्हतो, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम थोडंच. त्यातच बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. आबांच्या गुंगीचं कारण हे होतं. मोठ्या माणसाला दिवसभरात साधारण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, इतकं धरतात. बीपीवाल्यांनी किती घालायचं ते विचारून घ्या, पण शून्यावर आणू नका. मी सकाळीच दिवसाचं मीठ एका छोट्या डबीत मोजून ठेवायची आणि रात्री डबी रिकामी झाली का बघायची.

हे सगळं पोटातच गेलं पाहिजे, फुप्फुसात नाही. नाकातली नळी, जिला सगळे रायल्स ट्यूब म्हणतात, ती नाकातून घशात, तिथून अन्ननलिकेतून पोटात उतरते, आणि घशात अन्नाचा आणि श्वासाचा रस्ता शेजारी शेजारी असतो. खोकल्यानं, ओकारीनं किंवा हातानं ओढल्यानं नळी वर सरकू शकते. म्हणून नाकपुडीपाशी नळीवर पक्क्या पेननं खूण करून घ्या आणि प्रत्येक फीडच्या आधी ती जागेवर आहे का बघा. खूण बाहेर आली असेल तर काही सोडायचं नाही. सिरिंजनं थोडा रस ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदावर, टाकला आणि ५.५ किंवा त्याहून कमी आला, तर टोक पोटात असण्याची खात्री वाढते. हवा मारून पोटावर कान लावायची जुनी पद्धत भरवशाची नाही, फुप्फुसात गेलेल्या नळीचाही तसाच आवाज येऊ शकतो. नळी निघाली तर घरी घालायचा प्रयत्न करू नका, दवाखान्यात जा.

देताना माणूस आडवा नको. पाठ ३० ते ४५ अंश वर हवी, आणि फीड संपल्यावरही निदान अर्धा ते एक तास तशीच. नुसती उशी डोक्याखाली सारली की मान वाकते आणि पोट दबतं. कंबरेपासून वर उचलायचं. आम्ही गादीखाली लाकडी फळी तिरकी लावली होती. सिरिंजचा दट्ट्या काढून नळकांड्याचा नरसाळ्यासारखा वापर करायचा, हातभर उंच धरायचं, आणि २५० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागू द्यायची. दट्ट्यानं ढकललं की पोट फुगतं, उलटी होते. देताना ठसका लागला, श्वास लागला, ओठ निळसर झाले, तर तिथल्या तिथे थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

फीड ताजं करा. खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. फ्रीजमध्ये झाकून चोवीस तास चालतं, देताना कोमट करून. सिरिंज, मिक्सरचं भांडं, गाळणी गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवायची. मिक्सरच्या पात्याखालची रबराची चकती काढून धुवा, सगळी घाण तिथं साचते.

नळी तुंबते ती बहुतेक औषधांनी. गोळी खलबत्त्यात अगदी पीठ करून, पाण्यात विरघळवून, एकेक वेगळी, आधी-नंतर पाणी सोडून. फीडमध्ये कालवू नका. पण ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, सीआर, एक्सएल असं काही आहे, ती कुटायची नाही. ती तासातासानं थोडी थोडी सुटावी अशी बनवलेली असते, कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आतड्यात विरघळणारं वेष्टण असलेल्या गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांना सरळ विचारा, हे पातळ औषधात मिळेल का? फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर तेही सांगा, फीडबरोबर दिलं की ते अंगी कमी लागतं. तुंबलीच तर कोमट पाणी, मोठी ५० मिलीची सिरिंज, आणि हलक्या हातानं पुढे-मागे. लहान सिरिंजनं दाब फार वाढतो आणि नळी फुटते. तार घालू नका, कोल्ड्रिंकही नको, त्यातल्या आम्लानं दुधाची प्रथिनं गोठून बूच आणखी घट्ट बसतं.

मधुमेह असेल तर एकच वाक्य लक्षात ठेवा: इन्सुलिन दिलं आणि फीड राहिलं, तर शुगर धोकादायक खाली जाते. नळी तुंबली, निघाली, उलटी झाली, तर पुढचं इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना फोन.

आता चहाची गोष्ट. बघायला येणारं प्रत्येकजण विचारायचं, "आबा, जेवलासा काय?" आणि मग माझ्याकडे वळून, "घशाला कोरड पडली असंल गं त्येंच्या, एक घोट चहा दे की." नाही म्हणताना मला फार जड जायचं, कारण ज्या घरातून पाहुणा चहाशिवाय जात नाही तिथं घरधन्यालाच चहा नाही. एके दिवशी मी स्वयंपाकघरात असताना आमच्या आत्यांनी बशीतून दोन घोट पाजले. आबांना ठसकासुद्धा लागला नाही. सगळ्यांना वाटलं, बघा, गिळतात की. तिसऱ्या दिवशी ताप, छातीत कफ, न्यूमोनिया. झटक्यानंतर घशाची जाणीवच बधिर झालेली असू शकते. चहा श्वासनलिकेत उतरतो आणि खोकलाही येत नाही. म्हणून ठसका नाही म्हणजे गिळतात, हा अंदाज चुकीचा. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात, आणि तोपर्यंत तोंडातून एक थेंबही नाही. मी आत्यांना बोलले नाही. खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागद चिकटवला.

तोंडानं काही जात नसलं तरी तोंड रोज दोनदा घासायचं. उलट जास्तच घासायचं, कारण न वापरलेल्या तोंडात जंतू वाढतात आणि तीच लाळ झोपेत फुप्फुसात उतरते. मऊ ब्रश, कमी पाणी, माणूस कुशीवर किंवा बसता, आणि ओठांना व्हॅसलीन. आबांना यानंच सगळ्यात बरं वाटायचं, चेहऱ्यावर दिसायचं.

मेमध्ये त्यांना पेग बसवली, म्हणजे पोटाच्या भिंतीतून थेट जठरात गेलेली नळी. महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त दिवस नळी लागणार असेल तर डॉक्टर बहुधा तीच सुचवतात. १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी पहिल्यांदा दुर्बिणीच्या मदतीनं ती बसवली, पोट न उघडता. आमच्या घरात "पोटाला भोक" या शब्दांनीच दोन आठवडे रडारड झाली. पण नाकातली नळी आबांनी तीनदा ओढून काढली होती, नाकपुडीला जखम झाली होती, आणि पेगनंतर आठवड्याभरात ते शांत झोपायला लागले. आधी बसवली असती तर बरं झालं असतं. तिची काळजी थोडीच: भोवतीची कातडी रोज साबण-पाण्यानं धुऊन कोरडी करायची, आणि डॉक्टरांनी दाखवली तशी नळी फिरवायची. लालसर सूज, पू, ताप आला तर दाखवायचं. पेग निघाली तर मात्र वेळ घालवू नका, भोक काही तासांत बुजायला लागतं. स्वच्छ गॉज लावून, निघालेली नळी पिशवीत घेऊन लगेच निघा.

जुलैत पंचगंगेला पूर आला. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण नळ कोरडे पडले आणि वीज जात-येत राहिली. मिक्सर बंद, फ्रीज बंद. २०१९ चा अनुभव असल्यामुळे आम्ही पिंपं भरून ठेवली होती, तयार पावडरचा एक डबा न फोडता ठेवला होता, दोन जादा सिरिंजा होत्या. त्या चार दिवसांत उकळून गार केलेलं पाणी, पावडर, आणि पुरणयंत्रातून काढून पुन्हा गाळलेली खिचडी, यावर निभावलं. नदीकाठच्या भागात राहत असाल तर जूनमध्येच हे सामान वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा, पिशवीत वहीसुद्धा, म्हणजे घर सोडावं लागलं तरी कुठल्याही डॉक्टरला माणूस काय खातो ते कळेल.

वजन दर महिन्याला करायचं. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर एकाच जागी टेपनं मोजून लिहायचा. आबांचा दंड जूनपासून भरायला लागला.

झटका येऊन महिने झाले म्हणजे आता हेच कायमचं, असं समजून बऱ्याच घरी गिळण्याची तपासणी पुन्हा करतच नाहीत. ती मागून घ्या. बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं, काहींना जास्त वेळ लागतो. आबांची सप्टेंबरमध्ये केली. पातळ पाणी आणि चहा गिळायला सगळ्यात अवघड, कारण ते घशात पटकन घसरतं, म्हणून सुरुवात घट्ट पदार्थांनी झाली. थेरपिस्टबाईंसमोर, खुर्चीत ताठ बसवून, पहिला अर्धा चमचा घट्ट दह्याचा. त्यांनी तो बराच वेळ तोंडात धरला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. त्या दिवशी वहीत मी पहिल्यांदा "तोंडाने" असा नवा रकाना आखला. पेग त्यानंतरही दोन महिने ठेवली, कारण जेवण तोंडानं जायला लागलं तरी पाण्याचा आकडा १६५० ला पोचत नव्हता.